गुलाबी पाणबुडी आणि आमची गच्ची: दोन रात्रींचा एक प्रकरण अभ्यास

सोलापूरला समुद्र नाही. आमचं मोठं पाणी म्हणजे उजनी, आणि ते पण नळाला चार-पाच दिवसांनी येतं. अशा गावात, त्यात पुन्हा पूर्व भागात, जिथं दिवसभर कानात लूमचा, म्हणजे यंत्रमागाचा, खडखडाट चालू असतो, तिथल्या एका गच्चीवर आम्ही १९५९ सालची अमेरिकन नेव्हीवरची कॉमेडी दाखवली. एकदा नाही, लागोपाठ दोन रात्री. पिक्चर तोच, गच्ची तीच, माणसंही बरीचशी तीच. पहिल्या रात्री अर्ध्याहून जास्त माणसं उठून गेली आणि दुसऱ्या रात्री खालच्या मजल्यावरचे लोक वर बघायला आले की एवढं काय चाललंय. या दोन रात्रींमध्ये नेमकं काय बदललं ते मला नीट लिहून ठेवायचंय, कारण वाचनालयात, मंडळात, सोसायटीत बाहेरच्या देशाचा पिक्चर दाखवायचा प्रयत्न बरेच जण करतात आणि पहिल्याच फटक्यात खचून सोडून देतात.

पिक्चर होता 'ऑपरेशन पेटिकोट'. दिग्दर्शक ब्लेक एडवर्ड्स, कामं कॅरी ग्रँट आणि टोनी कर्टिसची. गोष्ट फिलिपिन्समध्ये तैनात असलेल्या अमेरिकन पाणबुडीची, डिसेंबर १९४१ मधली.

हाच का, तर मामांमुळे.

माझे मामा नेव्हीत होते. सत्तरच्या दशकाच्या शेवटी भरती झाले, भरतीनंतरच आयुष्यात पहिल्यांदा समुद्र बघितला, आणि पुढं विशाखापट्टणमला रशियन बनावटीच्या फॉक्सट्रॉट क्लासच्या पाणबुडीवर इंजिन रूममध्ये गेले. पाणबुडीला ते कधीच पाणबुडी म्हणत नाहीत, 'बोट' म्हणतात, सगळे पाणबुडीवाले बोटच म्हणतात म्हणे. त्याच क्लासची कुरसुरा आता विझागच्या बीचवर म्युझियम म्हणून उभी आहे, २००२ पासून. आम्ही सगळे एकदा बघून आलो तेव्हा मामा आत शिरल्यावर एकदम गप्प झाले होते आणि एका अरुंद बर्थवर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले होते, ते माझ्या डोक्यातून गेलेलं नाही.

दर वर्षी ८ डिसेंबरला मामा जुन्या दोस्तांना फोन लावतात. १९६७ साली त्याच दिवशी आपली पहिली पाणबुडी कलवरी सोव्हिएत युनियनमध्ये रिगा बंदरात नौदलात दाखल झाली, म्हणून तो पाणबुडी दिन. त्या आठवड्यात एक शनिवार बघून गच्चीवर पिक्चर लावायचा असं घरात ठरलं, आणि मामांनी लगेच हेच नाव घेतलं. विझागला बेसवर दाखवला होता त्यांना. म्हणाले, हसून हसून मेस डेकवर लोळलो होतो आम्ही.

पहिली रात्र

चाळीसेक माणसं होती. गल्लीतले लूमवाले, एक जॉबर (लूम दुरुस्त करणारे) अण्णा, डाईंगमध्ये मास्तर असलेले एक काका, सरकारी ऑफिसातून रिटायर झालेले एक क्लार्क काका, कॉलेजची पोरं, शेजारच्या काकू, लहान मुलं, आणि माझी आजी खुर्चीवर शाल घेऊन. प्रोजेक्टर भाच्याचा, पडदा म्हणजे डबल बेडची पांढरी चादर. इंग्लिश आवाज, खाली इंग्लिश सबटायटल. शेंगा, चहा, सगळं होतं.

सुरुवातीला म्हातारा झालेला ॲडमिरल मोडीत निघालेल्या आपल्या जुन्या बोटीवर येतो, लॉगबुक उघडतो आणि गोष्ट मागे जाते. मग विमानं येतात, बॉम्ब पडतात, बोट धक्क्यालाच बुडते. गच्चीवर एकदम शांतता. पुढचे वीस मिनिट शांतताच. मामा एकटे हसत होते आणि त्यांच्या हसण्याकडे लोक वळून बघत होते. अर्ध्या तासात मागच्या सतरंज्या रिकाम्या व्हायला लागल्या, कुणी भांडत नव्हतं, कुणी नावं ठेवत नव्हतं, फक्त "येतो हं ताई, सकाळी लवकर जायचंय" असं म्हणत एकेक जण जिना उतरत होता. शेवटी अकरा जण उरले, त्यातले तीन झोपलेले.

माझं पहिलं निदान होतं भाषा. सगळ्यांचंच तेच असतं. इंग्लिश फास्ट आहे, अमेरिकन उच्चार आहेत, मराठी डबिंग नाही, संपलं. पण रविवारी सकाळी मी मुद्दाम चार-पाच जणांना विचारत फिरले आणि जे ऐकलं त्यात भाषेची तक्रार फार कमी होती. कॉलेजचा एक पोरगा म्हणाला, "ताई, हे युद्धाचं हाय का कॉमेडी हाय तेच कळंना." आजी म्हणाली, "बोट बुडाली त्यांची. हसायचं कशाला?" आणि जॉबर अण्णा म्हणाले, "तो दुसरा गोरा, छान कपडेवाला, तो चोर आहे का ऑफिसर?"

हे तीन प्रश्न म्हणजे अख्खं प्रकरण आहे असं मला आज वाटतं. भाषा कळली नाही म्हणून माणसं गेली नव्हती. हसायची परवानगी आहे की नाही तेच त्यांना कळलं नव्हतं. पडद्यावर बॉम्ब पडून बोट बुडताना सोलापूरची माणसं हसणार नाहीत, आणि मला त्यांचा अभिमान वाटतो. अमेरिकन प्रेक्षकाला १९५९ मध्ये सगळं आधीच माहीत होतं, मनिलाजवळचं काव्हिटे कुठं आहे, तिथून अमेरिकन माणसांना कसं पळावं लागलं, आणि शेवटी काय झालं. त्यातल्या कित्येकांनी युनिफॉर्म घातलेला होता. खुद्द टोनी कर्टिस नेव्हीत होता, प्रोटिअस नावाच्या पाणबुड्यांना सामान पुरवणाऱ्या जहाजावर, आणि २ सप्टेंबर १९४५ ला टोकियोच्या उपसागरात जपानची शरणागती त्यानं लांबून त्या जहाजावरून बघितली होती. त्याहून भारी म्हणजे पोरगा असताना पाणबुडीवर जायचं त्याच्या मनात आलं ते १९४३ च्या 'डेस्टिनेशन टोकियो'मध्ये कॅरी ग्रँटला पाणबुडीचा कॅप्टन म्हणून बघून. आणि सोळा वर्षांनी तोच पोरगा त्याच कॅरी ग्रँटच्या हाताखाली पडद्यावर लेफ्टनंट होऊन उभा. हे माहीत असलेला माणूस पहिल्या फ्रेमपासून मोकळा होऊन बसतो. आमच्या गच्चीवर हे फक्त एका माणसाला माहीत होतं आणि तो एकटाच हसत होता.

मामांचं निदान

रविवारी दुपारी जेवण झाल्यावर मी मामांना हे सगळं सांगितलं. ते नाराज दिसत होते, बोलले नाहीत बराच वेळ. मग म्हणाले, "चूक आपली आहे बाळ. आपण त्यांना लढाईचा पिक्चर म्हणून बोलावलं. हा लढाईचा पिक्चरच नाही. हा स्टोअरचा पिक्चर आहे."

मला आधी कळलं नाही. मग ते सांगत गेले आणि मी वहीत लिहीत गेले. आख्ख्या पिक्चरमध्ये त्या बोटीकडून शत्रूचं एकही जहाज बुडत नाही. कॅप्टनला लढायचंय, पण त्याच्याकडे इंजिनचे पार्ट नाहीत, रंग नाही, साधा टॉयलेट पेपर नाही, आणि वरच्या ऑफिसकडे मागितलं की कागद परत येतो. म्हणून तो त्या छान कपडेवाल्या होल्डनला, म्हणजे टोनी कर्टिसला, सप्लाय ऑफिसर करतो, ज्याला बोटीतलं काही कळत नाही पण वस्तू कुठून उचलायची ते बरोबर कळतं. सगळी गंमत टंचाईची आहे. "आणि टंचाई," मामा म्हणाले, "आपल्या लोकांना शिकवायला लागत नाही."

मग त्यांनी बोटीवरच्या पाण्याचं सांगितलं. फॉक्सट्रॉटवर गोडं पाणी मोजून मिळायचं, गस्तीवर असताना आंघोळ नाहीच, डिझेलचा वास कातडीत मुरायचा आणि सुट्टीवर घरी आल्यावर आजी त्यांचे कपडे वेगळे भिजवायची. मी म्हटलं मामा, हे तुम्ही काल रात्री का नाही सांगितलं? म्हणाले, पिक्चर चालू असताना मध्ये बोलायचं नसतं ना.

तर तोच नियम आम्ही दुसऱ्या रात्री मोडला.

दुसरी रात्र

रविवारी संध्याकाळी मी दारोदार जाऊन सांगून आले की आज परत लावतोय, आज मामा सांगत सांगत दाखवणार आहेत. तीसएक माणसं आली, मामांच्या मानाखातर आली असणार. मामांनी गच्चीच्या कठड्यावर खडूनं नकाशा काढला. वर चीन, खाली फिलिपिन्सची बेटं, मनिलाचा उपसागर, काव्हिटे, मग मारिंदुके, सेबू, आणि पार खाली ऑस्ट्रेलियातलं डार्विन. मग म्हणाले, असं समजा, कारखाना आहे. मालकानं गाव सोडलंय. कारखान्यावर बॉम्ब पडलेत. एक मशीन अर्धवट दुरुस्त करून उभं केलंय, स्पेअर नाहीत, फोरमन चिडलेला आहे, आणि हे मशीन चालू ठेवत ठेवत इथून (हाताचं बोट काव्हिटेवर) इथपर्यंत (हाताचं बोट डार्विनवर) पोचवायचंय. वाटेत सगळे तुमच्यावर टपलेत. बास, एवढीच गोष्ट आहे. आणि हो, सगळे सुखरूप पोचतात, पिक्चर कॉमेडी आहे, आरामात बघा.

शेवट आधीच सांगितला म्हणून मी मनात चरकले होते. पण तिथंच गाठ सुटली. आजीनं शाल सारखी केली आणि म्हणाली, "पोचतात ना? मग लाव."

तेवढ्यात आजीनंच एक प्रश्न विचारला आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. "यात आपले कोटणीस डॉक्टर कुठं होते?" सोलापूरच्या माणसाला दुसरं महायुद्ध म्हणजे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस. १९१० साली इथं जन्मले, १९३८ मध्ये पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, ९ डिसेंबर १९४२ ला तिथंच वारले, फक्त बत्तीस वर्षांचे. मामांनी खडूनं चीनच्या वरच्या बाजूला एक ठिपका दिला आणि म्हणाले, ही बोट बुडाली १० डिसेंबर १९४१ ला, त्या दिवशी डॉक्टर इथं होते, जखमी सैनिकांची ऑपरेशनं करत. त्या ठिपक्यानंतर नकाशा परका राहिला नाही. पुढं बोटीवर पाच आर्मी नर्स चढतात, एका बेटावर अडकलेल्या, तेव्हा आदल्या रात्री पोरांनी शिट्टी मारली होती तशी या रात्री कुणी मारली नाही.

काव्हिटेची ती तारीख पिक्चरनं खरी घेतलीय. १० डिसेंबर १९४१ ला जपानी विमानांनी काव्हिटेचा नेव्ही यार्ड उद्ध्वस्त केला आणि तिथं दुरुस्तीला लागलेली सीलायन पाणबुडी गेली, नंतर नाताळच्या दिवशी अमेरिकनांनीच ती स्फोटानं नष्ट केली. पिक्चरमधली बोट वर येते, खरी आली नाही. नर्सेसचंही तसंच, मे १९४२ मध्ये स्पिअरफिश पाणबुडीनं कोरेगिडॉर बेटावरून नर्सना खरंच बाहेर काढलं होतं. मामांना हे सगळं पाठ आहे, आणि जिथं जिथं खरं आहे तिथं ते थांबवून एक वाक्य बोलायचे, जास्त नाही.

आता टॉयलेट पेपरचा सीन. पहिल्या रात्री हा सपशेल पडला होता आणि पडणारच, आमच्याकडे कुणाच्या घरात तो कागद नाही, आम्ही पाणीवाले. मामांनी सीन लागायच्या आधी थांबवलं आणि कागदाचं काही बोललेच नाहीत. म्हणाले, एका खऱ्या पाणबुडीवरनं, स्किपजॅकवरनं, जुलै १९४१ मध्ये दीडशे नगांची मागणी गेली. साधी रोजची वस्तू. मागणी परत आली, शेरा काय तर सदर वस्तू ओळखता येत नाही म्हणून रद्द. तेव्हा जून १९४२ मध्ये तिथल्या कॅप्टननं, जेम्स को त्याचं नाव, स्टोअरला रीतसर पत्र लिहिलं आणि सोबत त्या वस्तूचा एक नमुना जोडला.

क्लार्क काका उभेच राहिले. "त्रुटीपूर्ततेसाठी परत!" असे ओरडले आणि आख्खी गच्ची फुटली. सगळ्यांच्या घरात कुणाचं तरी पेन्शनचं प्रकरण, सातबाऱ्याची दुरुस्ती, नळ कनेक्शनचा अर्ज असा परत आलेला असतोच. मग सीन लागला, कॅरी ग्रँट अगदी शांत चेहऱ्यानं ते पत्र तयार करतो, आणि इंग्लिश एक शब्द न कळणारी माणसंसुद्धा त्याच्या त्या शांत चेहऱ्याला हसत होती, कारण असा चेहरा करून आपण सगळेच टेबलासमोर उभे राहिलोय.

इथून पुढं मामांना फार बोलावं लागलं नाही. पिक्चर गच्चीनं हातात घेतला. निघायच्या आधी बोटीवर स्थानिक मांत्रिकाकडून काहीतरी पूजा करतात तर मागनं आवाज आला, "खंडेनवमी झाली बघा बोटीची." होल्डन सेबूला जुगाराचा अड्डा मांडून सामान गोळा करतो तेव्हा जॉबर अण्णा फक्त मान हलवत होते, त्यांचा कालचा प्रश्न मिटला होता. त्यांचं म्हणणं असं की चांगला जॉबर आणि हा माणूस यात फरक नाही, जुना पार्ट कुठल्या बंद कारखान्यात पडलाय ते ज्याला माहीत तो खरा. आणि मग तो सीन, ज्यात इंजिन रूममधली स्प्रिंग मिळत नाही आणि नर्समधल्या मेजर बाई आपला कमरेचा लवचिक पट्टा काढून तिथं बसवतात आणि ते चालतं. तो खडूस चीफ, ज्याला बाई इंजिन रूममध्ये आलेली चालत नव्हती, तो तोंड उघडं टाकून बघत राहतो. अण्णांनी टाळी वाजवली, खरोखर दोन्ही हातांनी. म्हणाले, आमच्याकडे पट्टा तुटला की काय काय लावलंय ते बाहेर सांगता येत नाही. माझ्या मते अख्ख्या पिक्चरमधली सगळ्यात चांगली गोष्ट ती मेजर बाई आणि तो चीफ यांचीच आहे. कारण तिथं बाईची गंमत केलेली नाही, तिच्या हाताला काम येतं हे दाखवलंय, आणि चीफ बदलतो तो कुणी भाषण दिलं म्हणून नाही, इंजिन चालू झालं म्हणून.

बाकीचे नर्सेसचे बरेच विनोद मला पटले नाहीत आणि काकूंनाही नाही. अरुंद पॅसेजमधून जाताना अंग चोरायचं आणि त्यावर हसायचं, हे एकदा ठीक, पण ते परत परत येतं. तिथं गच्ची गप्प होती आणि ती गप्प राहिली ते योग्यच झालं. मामा तिथं काही बोलले नाहीत, समजावायचा प्रयत्नही केला नाही.

रंग

रंगाच्या सीनला डाईंगवाले काका पुढं येऊन बसले होते. बोटीला आधी खालचा कोट द्यायचा, तर लाल प्रायमर पण पुरेसा नाही आणि पांढरा पण पुरेसा नाही. मग काय, दोन्ही मिसळतात. निघतो गुलाबी. वरून करडा रंग द्यायच्या आधीच पळावं लागतं आणि बोट तशीच गुलाबी समुद्रात जाते. काका एवढंच म्हणाले, "लॉट मिक्स झाला." पण ते ज्या आवाजात म्हणाले तो तीस वर्षं रंगाच्या टाकीजवळ उभं राहिलेल्या माणसाचा आवाज होता. आमच्या भागात टॉवेलचा एक लॉट शेडमध्ये गेला, म्हणजे रंगाची छटा बदलली, तर काय होतं ते लहान पोराला पण माहीत आहे, पार्टी माल परत करते. त्यामुळे ती गुलाबी बोट बघून जे हसू आलं त्यात थोडी कळ पण होती आणि म्हणूनच ते खोलवरून आलं असं मला वाटतं.

शूटिंगसाठी बलाओ नावाची खरी पाणबुडी खरोखर गुलाबी रंगवली होती, फ्लोरिडात की वेस्टला. युद्धात लढलेली बोट. हे मामांनी सांगितल्यावर काकांनी दोन वेळा विचारलं, "खरी? खरी बोट?"

ट्रकचा सीन पोरांचा. टॉर्पेडो चुकून सुटतो, किनाऱ्यावर चढतो आणि उभा ट्रक उडवतो. "काय बे, ट्रक बुडवला!" असा आवाज आला आणि सगळी पोरं एकमेकांवर पडली. मामा म्हणाले खऱ्या आयुष्यात बस होती. ऑगस्ट १९४४, बोफिन पाणबुडी, मिनामी दाइतो बेट, धक्क्यावर उभी असलेली बस टॉर्पेडोनं गेली. पोरांचा विश्वास बसेना, लगेच मोबाईल काढले.

पाणी

आणि मग नेमकं शेवटाकडे, आपल्याच नेव्हीचं जहाज या गुलाबी बोटीला शत्रूची समजून तिच्यावर डेप्थ चार्ज, म्हणजे पाण्याखाली फुटणारे बॉम्ब, टाकतंय, बोट खाली गप्प बसलीय, आतले सगळे श्वास रोखून छताकडे बघतायत, अशा वेळी खालून कुणीतरी ओरडलं, "पाणी आलंऽऽ!"

मी स्पेस बार दाबला. दोन मिनिटात गच्चीवर मी, आजी आणि लहान मुलं. बाकी सगळे खाली, बॅरल, घागरी, मोटार, पाईप. चौथ्या दिवशीचं पाणी होतं, त्याला पिक्चर थांबू शकतो, पाणी थांबत नाही. मला वाटलं आता कोण परत येतंय, रात्रीचे अकरा वाजायला आलेले. पाऊण तासानं एकेक जण ओल्या पायांनी जिना चढून परत आला. शनिवारी ज्यांना सकाळी लवकर जायचं होतं ते पण आले. सोमवारी तर त्यांना खरंच लवकर जायचं होतं.

मामांनी तेव्हा त्यांचं पाण्याचं सांगितलं, जे मला दुपारी सांगितलं होतं. बाहेर चारी बाजूंनी समुद्र आणि आत तांब्याभर पाण्यात भागवायचं. कुणी हसलं नाही, सगळे ऐकत होते, पायांवरचं पाणी अजून वाळलेलं नव्हतं. त्यानंतर परत प्ले केलं.

सुटका कशी होते तर नर्सेसचे आतले कपडे टॉर्पेडो ट्यूबमधून वर सोडतात, वरचा कॅप्टन ते बघतो आणि ओळखतो की हे जपानी असूच शकत नाहीत, मारा थांबवतो. हा सीन पोरंसोरं, सासवा-सुना, म्हातारी माणसं सगळे एकत्र बसलेल्या गच्चीवर कसा लागेल याची मला शनिवारपासून काळजी होती. मी दुपारीच दोन-तीन काकूंना खालच्या आवाजात सांगून ठेवलं होतं की शेवटी असं असं आहे, चालेल ना. एक काकू म्हणाल्या, "अगं, गल्लीत दोरीवर रोज वाळत घालतो की, समुद्रात टाकलं तर काय होतंय." सगळ्यात मोठं हसू त्या कोपऱ्यातूनच आलं. पुरुष मंडळी दोन सेकंद इकडं तिकडं बघत होती, मग तीही हसली.

एक गोष्ट मी पुढच्या वेळी वेगळी करेन. डार्विन आल्यावर, बोट बंदरात शिरल्यावर, मामांनी सहज सांगितलं की ते पत्र लिहिणारा जेम्स को पुढं सिस्को नावाच्या बोटीवर कॅप्टन होता आणि सप्टेंबर १९४३ मध्ये ती याच डार्विनहून निघाली ती परत आली नाही. शेवटची दहा मिनिटं त्यानंतर कुणी हसलं नाही. मामांना ते सांगावंसं वाटलं हे मला समजतं, त्यांच्यासाठी तो विनोद करणारा माणूस खरा आहे, त्यांच्यातला आहे. सांगायलाच हवं होतं. पण लाईट लावल्यावर, चहा हातात असताना सांगायला हवं होतं, कारण पिक्चरला स्वतःचा शेवट गोड करायचा होता आणि त्याला तेवढी जागा द्यायला पाहिजे होती. मामांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, बरोबर आहे तुझं, पण मला तेव्हाच आठवला तो.

बाकी तांत्रिक गोष्टींबद्दल फार सांगण्यासारखं नाही. दोन तासांचा पिक्चर पाणी धरून साडेतीन तास चालला. मामांनी नऊ वेळा थांबवला, मी मोजलं, आणि शेवटच्या तासात त्यातले फक्त दोनच. मराठी सबटायटल असते तर बरं झालं असतं का, तर हो, थोडं. पण शनिवारी मराठी सबटायटल असते तरी आजीनं विचारलंच असतं की बोट बुडाल्यावर हसायचं कशाला, आणि त्याचं उत्तर पडद्याखालच्या पट्टीत मावलं नसतं.

सोमवारी सकाळी डाईंगवाले काका कामावर जाता जाता दारात आले. हातात एक टॉवेल, गुलाबी, शेडमध्ये गेलेल्या जुन्या लॉटमधला. मामांच्या हातात दिला आणि म्हणाले, "हाच होता का कलर, बघा."

मामांनी टॉवेल दारातल्या उन्हात धरला, उलटसुलट करून बघितला आणि म्हणाले, "बोट याच्यापेक्षा फिकी होती मास्तर. पांढरा जास्त पडला होता."

काका म्हणाले, "मग त्यांचं माप चुकलं," आणि सायकल काढली.